रिकामं म्यान

‘मामला संगीन है’ असं घरात कुणी म्हटलं की गोष्ट गंभीर आहे हे लहान पोरालाही कळतं. आणि बंदुकीच्या टोकाला चढवायचं जे पातं, तीही संगीनच. फारसीत ‘संग’ म्हणजे दगड. त्यावरून जड, भारी, कठीण ते संगीन. म्यान हा शब्दही बाहेरूनच आला, पण तो इतका मराठी झालाय की ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ ही म्हण कुणाला परकी वाटत नाही. तलवारीचं ठाऊक नाही, पण संगिनींच्या बाबतीत ही म्हण लागू पडत नाही, असं मला 2017 साली एका इंग्रज म्हाताऱ्यानं दाखवून दिलं. त्याच्या टेबलावर एका म्यानात तीन देशांच्या संगिनी एकामागून एक बसल्या, आणि तिन्ही बरोबर बसल्या.

जुन्या लष्करी संगिनी जमवणारे लोक जगभर आहेत. त्यांची सगळ्यांत मोठी डोकेदुखी म्हणजे म्यान. पातं पोलादाचं; तेलाचा हात फिरवला तर शंभर वर्षं टिकतं. म्यान चामड्याचं. ते उन्हात आकसतं, पावसात फुगतं, शिवण उसवते, उंदीर कुरतडतात. फौजेतही म्यान फाटलं की दुसरं मिळायचं, संगीन तीच राहायची. त्यामुळे बाजारात उघडी पाती भरपूर दिसतात आणि त्यांना शोभेल असं म्यान मिळता मिळत नाही.

आमच्या घरी उलटं झालं. पातं गेलं, म्यान राहिलं.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव कृष्णाकाठचं. फौजेत जायची चाल जुनी. मराठा पलटणींत त्या काळी मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत, हे आताच्या पिढीला मुद्दाम सांगावं लागतं. पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर इराकात लढल्या, कुतच्या वेढ्यात अडकल्या, आणि 29 एप्रिल 1916 ला कुतची फौज तुर्कांना शरण गेली. आमचे परदादा कुतमध्ये नव्हते. ते नंतरच्या भरतीतले. बसऱ्याला बोटीतून उतरले, बगदादपर्यंत गेले आणि अल्लाहच्या मेहेरबानीनं धड परत आले. गावात त्यांना शेवटपर्यंत ‘बसरेवाले’ म्हणत. त्यांचे मुलगे, म्हणजे माझे दादा, दुसऱ्या महायुद्धात गेले. तोवर पलटणींची नवी बांधणी होऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली होती. दादा इटलीपर्यंत जाऊन आले.

घरात दाराआडच्या खुंटीवर ती संगीन म्यानासकट टांगलेली असे. बारा इंची पातं, लाकडी मूठ, काळपट चामड्याचं म्यान. ती बसऱ्याची, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आणि तिच्याबरोबर एक किस्सा यायचा. दादी सांगायच्या, परदादांनी ती तुर्कांवर कधी उपसली नाही. समोर खलिफाची फौज, आपल्यासारखेच नमाजी. त्यांच्यावर पातं कसं काढायचं? म्हणून त्यांनी ती म्यानातच ठेवली.

हा किस्सा खरा की मनाच्या समाधानासाठी रचलेला, यावर मी फार डोकं चालवलं नाही. पण त्या काळच्या मुसलमान शिपायांपुढचा पेच खरा होता. 1916 साली बसऱ्यात 15 व्या लान्सर्सच्या मुसलमान सवारांनी पवित्र स्थळांच्या दिशेनं लढायला जाण्याचं नाकारलं आणि त्याची शिक्षा भोगली. बाकीचे हजारो लढले. लढून परत आलेल्यांच्या घरांत पुढं काय बोललं गेलं असेल? आमच्या घरात हे बोललं गेलं, एवढंच. संगीन होती तोवर त्या बोलण्याला साक्षीदार होता.

1993 च्या जानेवारीत तो साक्षीदार गेला. 6 डिसेंबरनंतरचे ते दोन महिने आपल्या वाचकांना वर्णन करून सांगायची गरज नाही. आमच्या गावात काही झालं नाही. कुणी झडतीला आलं नाही, कुणी वाकडा शब्द काढला नाही. पण मुंबईहून रोज नव्या बातम्या यायच्या, आणि घरात सुरी सापडली तरी आत टाकतात, अशी अफवा एस.टी.तून गावापर्यंत पोचली होती. दादी त्या वेळी पंचाहत्तरीच्या आसपास. त्यांनी अब्बांना एवढंच सांगितलं, “निकाल दे उसको घर में से.” अब्बांनी फज्रच्या आधी ती संगीन पोत्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि पुलावरून कृष्णेत सोडली. म्यान राहिलं. त्याला दादींची हरकत नव्हती. चामडं आहे, ते कुणाला काय करणार?

त्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुढं कामाला येते. आमच्या शेजारचे तात्या दादांच्याच पलटणीतले पेन्शनर. दसऱ्याला त्यांच्याकडे खंडेनवमीची पूजा मांडली जायची. विळे, कोयते, त्यांच्या वडिलांची तलवार. त्यात दरवर्षी आमची संगीन असायची. दादा होते तेव्हापासूनची ती रीत, कुणी ठरवून घातलेली नव्हती. त्या वर्षी तात्यांचा नातू निरोप घेऊन आला, “आबांनी संगीन मागितलीय.” अब्बा काही न बोलता खुंटीवरचं म्यान घेऊन गेले आणि पाटावर ठेवून आले. तात्यांनी रिकाम्या म्यानाकडे पाहिलं, मग अब्बांकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. तलवारीला लावली तशी म्यानालाही हळद लावली, आपट्याची पानं वाहिली. त्या हळदीचे डाग चामड्यावर अजून आहेत.

अब्बा व्यवसायानं टेलर. तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं त्यांचं दुकान होतं. शिवलेली कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून बघायची त्यांना सवय. हे म्यान मात्र त्यांनी पहिल्यांदा नीट बघितलं ते रिकामं झाल्यावर. म्यानाच्या मागच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत शिवण असते. अब्बांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, “ही शिवण दोन माणसांची आहे.” वरचे टाके बारीक, एका अंतराचे. शेवटच्या दोन-अडीच इंचांत टाके मोठे, दोरा जाड, आणि जुन्या टाक्यांची भोकं बाजूला तशीच. “कुणीतरी उसवून, कापून, आत घेऊन परत शिवलंय. आल्टर केलंय.” कोटाची बाही आखूड करून मिळते तशी. कशासाठी केलं असेल, ते त्यांना सांगता येईना.

2004 साली मी एका लग्नासाठी मुंबईला गेलो होतो, तेव्हा म्यान बरोबर नेलं. अब्बांसाठी तशीच एखादी संगीन बघावी, निदान भाव कळावा, असं मनात होतं. जुम्म्याच्या पहाटे चोरबाजारात बाजार भरतो. मटन स्ट्रीटच्या एका दुकानदाराकडे पितळी दिवे, ग्रामोफोनचे भोंगे आणि बोटींच्या घंटांच्या गर्दीत एक संगीन होती. पात्याच्या मुळाशी राजमुकुट, त्याखाली 1907. “देख लो भाईजान, सन 1907 का माल है, ओरिजिनल.” पुढं कळलं की 1907 हे वर्ष त्या नमुन्याच्या मंजुरीचं असतं, पातं कधी घडलं ते त्याखाली बारीक आकड्यांत, महिना आणि साल मिळून ठोकलेलं असतं. ही चुकीची वाचणी चोरबाजारापासून लंडनपर्यंत सगळीकडे चालते, आणि विकणाऱ्याला ती सोयीची पडते.

त्यानं ती संगीन माझ्या म्यानात घातली. ती जाऊन अडली. पाच इंच पातं बाहेर. मी म्हटलं, ही लांब आहे. तो निर्विकारपणे म्हणाला, “तो कटवा के दूँगा ना. आधा घंटा रुको.”

मी हसलो आणि निघालो. पण माणसानं गमतीत नेमकं तेच सांगितलं होतं जे सरकारनं साठ वर्षांपूर्वी केलं होतं. हे कळायला मला बर्मिंगहॅमला जावं लागलं.

माझी भाची लग्न होऊन बर्मिंगहॅमला असते. 2017 च्या उन्हाळ्यात तिच्याकडे दीड महिना राहिलो. मास्तरकीतून नुकतीच सुटी झाली होती, वेळच वेळ. तिच्या मिस्टरांना कळलं की मामूंना जुन्या संगिनींत रस आहे, तर ते मला एका रविवारी शहराबाहेरच्या एका हॉलमध्ये भरलेल्या जुन्या शस्त्रांच्या जत्रेला घेऊन गेले. जत्राच म्हणायची. टेबलांच्या रांगा, चहाचे थर्मास, गुडघे धरून बसलेले म्हातारे. एका टेबलावर दोन खोकी होती. एकात नुसत्या संगिनी, दुसऱ्यात नुसती म्यानं, शेवग्याच्या वाळलेल्या शेंगांसारखी. मागं बसलेला गृहस्थ कुठल्याशा कारखान्यातला निवृत्त फिटर होता. त्याचं काम एकच. पात्याला म्यान आणि म्यानाला पातं जुळवून देणं. सोयरिकी जुळवणारे असतात ना आपल्याकडे, तसा.

मी मोबाइलवर आमच्या म्यानाचा फोटो दाखवला, तर त्यानं तो बाजूला ठेवायला सांगितलं. आधी हे बघा, म्हणाला. खोक्यातून एक म्यान काढलं, ब्रिटिश, 17 इंची पात्याचं. तलवारीच्या म्यानाला वर मुहनाल आणि खाली तहनाल असते, तशी यालाही वर-खाली लोखंडी टोपणं. वरच्या टोपणाच्या आत दोन पातळ स्प्रिंगा. त्या पात्याला धरून ठेवतात, म्हणून शिपाई धावला तरी संगीन वाजत नाही की गळत नाही. त्यात त्यानं एक संगीन घातली. बसली. काढून दुसरी घातली. बसली. तिसरीही. मग त्यानं तिन्ही मुठी माझ्यासमोर ओळीनं ठेवल्या. एक इंग्लंडची, शेफील्डच्या सँडरसनची. दुसरी ऑस्ट्रेलियाची, लिथगोच्या कारखान्यातली. तिसरीच्या मुठीवर दोन आडव्या खाचा होत्या. ती अमेरिकन, 1917 ची, रेमिंग्टननं केलेली. ब्रिटिशांनी दुसऱ्या एका रायफलीसाठी 1913 साली जी संगीन काढली तिचंच हे अमेरिकन रूप, आणि पातं जवळजवळ तेच. पण अमेरिकन म्यानाचं वरचं टोपण निराळं, पट्ट्याला अडकवायची सोय निराळी. ऑस्ट्रेलियन म्यानाचं चामडं तपकिरी, आणि कित्येकांवर ‘मँग्रोव्हाइट’ या तिथल्या चामडेवाल्यांचा शिक्का.

“बसतं म्हणजे त्याचं आहे असं नाही,” तो म्हणाला. “लोक इथंच फसतात.”

मग तो रंगात आला. जर्मनांचं काम सोपं, म्हणाला. 84/98 या त्यांच्या संगिनीवर जो नंबर पात्यावर, तोच म्यानावर. जुळला तर जोडी, नाही तर नाही. फ्रेंचांची 1866 ची शासपो आणि 1874 ची ग्रा घ्या. मुठीच्या आडव्या पट्टीवर नंबर आणि म्यानाच्या तोंडाशी नंबर. ग्रा संगिनीच्या तर पाठीवर वळणदार अक्षरांत कारखान्याचं नाव आणि साल कोरलेलं. इतकं सगळं लिहून ठेवल्यावर भांडायला जागा कुठं? इंग्रजांनी असं काही केलं नाही. पातं एका गावचं, म्यान दुसऱ्या गावचं, आणि गाठ पडायची ती डेपोत. तिथं शिपाई रांगेत उभा राहणार आणि हाताला येईल ते उचलून दिलं जाणार. मुठीवर कधी कधी पलटणीचं नाव आणि नंबर ठोकलेला सापडतो, म्यानावर क्वचित. त्यामुळे इंग्रज संगिनीला ‘जोडीचं’ म्यान असं खात्रीनं सांगताच येत नाही. सांगता येतं ते ‘नमुन्याचं’.

आणि नमुना ओळखायचा तो बारकाव्यांवरून. म्यानावरची ती छोटी गुंडी, जी पट्ट्याच्या अडकवणीत बसते, ती सुरुवातीला थेंबाच्या आकाराची होती, नंतर गोल झाली. खालचं टोपण आधी चामड्याच्या आतून होतं, नंतर बाहेरून आलं. संगिनीच्या आडव्या पट्टीला सुरुवातीला एक आकडा असायचा, शत्रूचं पातं अडवायला म्हणून. 1913 पासून तो बंद केला आणि जुन्या संगिनी दुरुस्तीला आल्या की त्यांचेही आकडे कापून टाकले. आज आकडेवाली सापडली की तिला सोन्याचा भाव. म्हणून काही महाभाग साध्या संगिनीला आकडा डकवून विकतात. मुठीच्या टोकाला 1916 मध्ये घाण निघून जायला एक भोक पाडायला सुरुवात झाली. जुन्यांनाही नंतर पाडलं. म्हणजे 1910 च्या पात्याला भोक असेल तर ते पातं 1916 नंतरही नोकरीत होतं. थेंबाच्या गुंडीचं म्यान आणि 1917 सालचं पातं एकत्र दिसलं तर त्याच्या कपाळाला आठी पडते. अशक्य नाही, म्हणाला, पण कुणी घडवून आणलंय का, ते मी विचारीन.

यानंतर त्यानं माझा मोबाइल मागितला. पुढच्या बाजूचा फोटो त्यानं झटक्यात सारला. मागच्या शिवणीचा फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिला. मी अब्बांची टेप शेजारी ठेवून फोटो काढला होता, त्याचं त्याला कौतुक वाटलं.

12 इंची म्यान दोन प्रकारचं असू शकतं, त्यानं सांगितलं. 1907 च्या आधीची, 1903 च्या नमुन्याची संगीन 12 इंचीच होती, दुधारी. तिचं म्यान जन्मापासून आखूड. पण त्याच सुमारास इंग्रजांनी लांब लीएनफील्ड रायफल सोडून आखूड केली, सुमारे 5 इंचांनी. मग शिपायाचा हात शत्रूच्या हातापेक्षा तोकडा पडेल अशी भीती वाटली, आणि जपानी संगीन समोर ठेवून 17 इंची पातं काढलं. ते 1907 चं. पुढं दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात कुणाच्या तरी लक्षात आलं की गाड्यांतून उतरताना आणि जंगलात वावरताना एवढं लांबडं पातं गळ्यातलं लोढणं आहे. नवी आखूड पाती घडवली गेलीच, पण जुन्या 17 इंची पात्यांनाही कापून 12 इंची केलं. आणि पातं कापलं तर म्यानही कापायला हवं. खालचं टोपण काढायचं, चामडं कापायचं, टोपण परत बसेल इतकं ते निमुळतं शिवायचं. तुमच्या म्यानाची शिवण दोन हातांची आहे ती यासाठी.

“ही माझ्या वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी ओळखली,” मी म्हटलं. “ते टेलर आहेत.”

“मग त्यांना इथं आणायला हवं होतं,” तो म्हणाला.

फोटोतल्या पिवळ्या डागांवर त्यानं नख ठेवलं. हा गंज नाही, बुरशी नाही, हे काय? मी हळदीचं सांगितलं. दसरा, तात्या, पाट. त्यानं ऐकून घेतलं. पुसू नका, म्हणाला. मी पुसणार नव्हतोच.

मला खरं विचारायचं होतं ते वेगळंच. हे म्यान बसऱ्याला गेलं असेल का? त्यानं गोल गुंडी दाखवली, बाहेरून आलेलं टोपण दाखवलं. चामडं पहिल्या महायुद्धाच्या काळातलं असायला काही अडचण नाही. कापलं गेलं मात्र दुसऱ्या महायुद्धात. यापुढं म्यान बोलत नाही, म्हणाला. म्हणजे परदादांच्या कमरेला ते असेल किंवा नसेल, पण दादांच्या काळात ते सरकारी खात्यात जमा होतं हे नक्की. फौजेतून सुटताना संगीन जमा करावी लागते. परदादांनी ती घरी आणून खुंटीवर टांगली असती तर 1940 नंतर तिचं म्यान कापायला डेपोत कोण घेऊन गेलं असतं? ती घरात आली ती दुसऱ्या लढाईनंतर, दादांच्या हातून.

मी परदादांच्या किश्श्याचा विचार करत होतो. ज्या पात्यानं साक्ष द्यायची, ते कदाचित तिथं नव्हतंच.

बसऱ्याजवळच्या स्मारकाबद्दल मी आधी वाचलं होतं. 1929 मध्ये ते उभारलं. इराकात पडलेल्या आणि कबर नसलेल्या 40,000 हून अधिक माणसांसाठी. 1997 मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते तिथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांचं मात्र पलटणीचं नाव आणि पुढं आकडा. परदादांचा एक चुलत भाऊ तिकडेच राहिला. तो त्या आकड्यात एक. युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ कमिशननं 2021 मध्ये अशा असमान वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. फ्रेंच संगिनीच्या पाठीवर कारखान्याचं नाव वळणदार अक्षरांत कोरता येतं, आणि माणसाला आकडा. मला त्या खोक्यांसमोर उभं राहून हेच आठवत होतं. म्हाताऱ्याला मी ते बोललो नाही. त्याचा काय दोष?

त्यानं मात्र टेबलाखालून एक पातं काढलं. उघडं, म्यानाविना. आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत कापलेलं. पात्याच्या दोन्ही अंगांना जी पन्हळ असते ती 17 इंची पात्यावर टोकाच्या बऱ्याच आधी थांबते. इथं ती पार टोकापर्यंत धावत होती. कापल्याची ती खूण. हिंदुस्थानात नव्यानं घडवलेल्या आखूड संगिनींपैकी बऱ्याच बिनपन्हळीच्या असतात. बाकी रक्त वाहून जायला पन्हळ असते हे खोटं आहे. ती पातं हलकं ठेवते, एवढंच. “तुमच्या म्यानाला ही नमुन्याची होईल,” तो म्हणाला. “जोडीची म्हणणार नाही.”

मी विचारलं, तुम्ही चुकीच्या जोड्या मोडता का? तो म्हणाला, व्यापाऱ्याकडून आलेली असेल तर मोडतो. घरातून आलेली असेल तर नाही. एकदा एक बाई नवऱ्याची संगीन घेऊन आली होती, म्यान भलत्याच नमुन्याचं. पण नवऱ्यानं लढाईवरून आल्यापासून मरेपर्यंत ती त्याच म्यानात ठेवली होती. मी तिला योग्य म्यान विकू शकलो असतो. नाही विकलं.

जावईबापू म्हणाले, मामू, घेऊन टाका, माझ्याकडून. मी मनात हिशेब मांडला. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत 9 इंचांहून लांब पात्याच्या हत्यारांची जी यादी आहे तिच्यात संगिनीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. ही 12 इंची. मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडणार, पासपोर्टावरचं नाव वाचणार, आणि मी उभ्या उभ्या पन्हळ, गुंडी, ईशापूर समजावून सांगणार. कुणी वाईट वागेलच असं नाही. पण समजावून सांगणं माझ्याच वाट्याला येणार, हे ठरलेलं.

तरी अब्बांना फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. पातं कसं दिसतं ते सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “पन्हळ टोकापर्यंत जातीय का?”

“हो.”

“आपल्यावर पण जायची.”

म्हणजे कृष्णेत सोडली ती कापलेलीच होती, आणि म्यानही कापलेलं. मी त्यांना सगळं सांगितलं. बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, “तो फिर बसरे की नहीं थी?”

मी म्हटलं, म्यानाचं चामडं असेल तिथलं, नक्की सांगता येत नाही. संगीन आली ती दादांच्या हातून.

“हं. मत ले वो. किसी और की है.”

मी पातं परत टेबलावर ठेवलं. म्हाताऱ्यानं आग्रह केला नाही. त्याऐवजी एक कामाची गोष्ट सांगितली. रिकामं म्यान रिकामं ठेवू नका. चामडं आत दबतं, वाकतं, आकसतं. आणि संगीन सापडली तरी ती कायमची आत ठेवू नका, चामड्यातला ओलावा पात्याला गंजवतो. लाकडाची पट्टी करून घाला, पात्याच्या मापाची.

गावी आल्यावर तात्यांच्या नातवाला सांगितलं. तो सुतारकाम करतो. सागाची पट्टी हवी, 12 इंच लांब, इंचाहून थोडी कमी रुंद, टोकाला निमुळती. तो म्हणाला, “मास्तर, फूटपट्टी पायजे तर दुकानात दहा रुपयाला मिळतीय.” म्यान दाखवल्यावर मात्र त्याला आठवलं. लहानपणी हेच न्यायला तो आला होता. पैसे घेतले नाहीत.

अब्बांनी पट्टी म्यानात घातली, काढली, परत घातली. वरच्या टोपणातली एक स्प्रिंग केव्हाच मोडलेली, दुसरी पकडत होती पण पुरती नाही. उलटं धरलं की पट्टी दोन बोटं खाली सरकायची. “रंधा एक हात ज्यादा मार दिया इसने,” ते म्हणाले. शिवणाच्या डब्यातून त्यांनी मांजरपाटाची चिंधी काढली, पट्टीच्या वरच्या टोकाला दोन वेढे देऊन चार टाके घातले. मग म्यान उलटं धरून हलवून बघितलं, आणि खुंटीला लावायला माझ्याकडे दिलं.